नवख्याचं गाणं

निशिवाकी लाँड्रीत कपडे टाकायला आलेल्या माणसाला पावतीबरोबर कालच्या सामन्याबद्दल एक तरी वाक्य ऐकावं लागे. कावळे, म्हणजे गावचा बेसबॉल संघ, जिंकले असतील तर ते वाक्य लांबत जाई, हरले असतील तर तोडकं असे. ओकायामाच्या होकानचो बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना बेसबॉलचं वावडं होतं ते दुपारी यायचे, कारण दुपारी मालकीण तोमोएबाई मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीवर असत आणि गल्ल्यावर त्यांचे यजमान इसाओ बसत. इसाओंना गळ टाकून मासे धरण्याखेरीज जगातल्या कुठल्याही खेळात रस नव्हता.

तोमोएबाई तेव्हा साठीकडे झुकल्या होत्या. बुटक्या, गालांनी भरलेल्या, आणि वरच्या ओठावर अगदी मधोमध एक लालसर वण. तो वण ट्रम्पेटचा. शाळेच्या बँडमध्ये मुलींच्या हातात क्लॅरिनेट द्यायची पद्धत होती, पण ऐन स्पर्धेच्या तोंडावर ट्रम्पेटवाल्या मुलाला गालगुंड झालं आणि मास्तर तोमोएकडे बघून म्हणाले, “तुझे गाल तसेही मोठे आहेत, तू फुंक.” मुलगा बरा होऊन आला, पण तोमोएनं ट्रम्पेट काही परत केलं नाही. पुढे लग्न झालं, लाँड्री आली, भिंतीला भिंत लावून शेजारी आले, आणि ट्रम्पेट कपाटात गेलं.

ते बाहेर निघालं एका गिऱ्हाइकामुळे. त्याच्या कोटाच्या खिशात सामन्याचं तिकीट राहिलं होतं. परत द्यायला गेल्या तर तो म्हणाला, “मला जमणार नाही, तुम्हीच जा.” तोमोएबाई गेल्या. मैदानाच्या उजव्या टोकाच्या गॅलरीत काळे झगे घातलेली कावळ्यांची चाहते मंडळी ढोल बडवत होती, झेंडे नाचवत होती, आणि त्यांचा ट्रम्पेटवाला प्रत्येक वेळी त्याच एका सुरावर फाटत होता. तोमोएबाईंनी थोडा वेळ सहन केलं. मग उठल्या, रांग ओलांडून त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “जरा इकडे द्या बघू.”

तेव्हापासून त्या तिथेच.

वाजवता वाजवता त्या गाणी रचायलाही लागल्या. आमच्याकडे संघात रोज खेळणाऱ्या प्रत्येक गड्याचं स्वतःचं गाणं असतं. चार ओळींची चाल, शेवटी त्याच्या नावाचा पुकारा. तो बॅट घेऊन उभा राहिला की ते सुरू होतं आणि तो बाद होईपर्यंत किंवा पळून बेस, म्हणजे पुढचा टप्पा, गाठेपर्यंत थांबत नाही. ज्याला स्वतःचं गाणं नाही त्याच्यासाठी सगळ्यांचं सामाईक गाणं वाजतं. ते काही वाईट नसतं. पण पाहुण्यांसाठी ठेवलेली चप्पल जशी कुणाच्याच पायाला नीट बसत नाही, तसं ते असतं. आपलं गाणं मिळालं म्हणजे गावानं आपल्याला घरचा मानलं, असं खेळाडू समजतात. गावही तसंच समजतं.

तोमोएबाईंच्या चाली इस्त्रीच्या यंत्रावर जन्माला येत. पाय दाबला की वाफ फुस्सकन सुटे, झाकण खाली येई, आणि त्या तालावर त्या ओठ मिटून गुणगुणत. मुनेकाताचं गाणं असंच एका पांढऱ्या शर्टावर तयार झालं होतं. कावळ्यांचा शॉर्टस्टॉप मुनेकाता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली सर्वांत धावपळीची जागा त्यानं इतकी वर्षं सांभाळली होती, की शाळकरी मुलांना ती जागा त्याच्या बापजाद्यांची वाटे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मुनेकाताचा गुडघा गेला. मॅनेजरनं त्याच्या जागी सेनो नावाच्या पोराला उभं केलं. तोत्तोरीच्या एका शाळेतून थेट संघात आलेला, जेमतेम विशीचा, मानेनं बारीक. पहिल्या आठवड्यात त्यानं दोन सोपे चेंडू पायांमधून जाऊ दिले आणि बॅटचं तर काही विचारूच नका. वार्ताहरांनी मॅनेजरला गाठलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “सेनो उद्याही खेळेल.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर.

आणि गावाला दुसरा विषय उरला नाही.

सामना संपला की चाहत्यांच्या दलातली मंडळी रेल्वेपुलाखालच्या एका ओकोनोमियाकीच्या दुकानात जमत. तापलेल्या लोखंडी तव्यावर कोबीचा जाड पोळा चरचरत असे, आणि त्याच्या भोवती बसून वाद चाले. दलाचे प्रमुख कुसाका. जहाजबांधणीच्या गोदीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, ढोल त्यांच्याकडे. झेंडा हिरोनाकाकडे. हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा, पस्तिशीच्या आतला, आणि बोलायला सुटला की ब्रेक न लागणारा.

“पोराचं वाटोळं करायला घेतलंय मॅनेजरनं,” प्रमुख उलथन्यानं पोळ्याचे तुकडे करत म्हणाले. “वर्षभर आपल्याच दुसऱ्या फळीच्या संघात खेळू दे. चार वेळा पडू दे तिथे, कुणी बघत नाही. इथे हजारो लोकांसमोर रोज तोंडावर आपटतोय.”

“दुसऱ्या संघात पडून काय शिकणार, प्रमुख? तिथले चेंडू टाकणारे पिचर वेगळे, इथले वेगळे,” हिरोनाका म्हणाला. “माझ्याकडे येणारी पोरं बंद मैदानात झकास चालवतात. सिग्नलला आणलं की गाडी बंद पाडतात. मग सिग्नललाच आणायला नको का?”

“तुझ्याकडे गाडीला दोन ब्रेक असतात. एक तुझ्या पायाखाली. त्या पोराच्या शेजारी कोण बसलंय?”

“मग कायम तुम्हीच चालवत बसा!”

“मी चालवतच नाही. बसनं जातो.”

हशा पिकला. हिरोनाका मात्र पेटला होता. “मी सांगतो, सेनोला गाणं देऊ या. आत्ता, पडतोय तेव्हाच. त्याला कळू दे की आपण आहोत.”

प्रमुख उलथनं खाली ठेवून म्हणाले, “ताकेमासाला दिलं होतं ना आपण. आठवतं?”

सगळ्यांना आठवत होतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी ताकेमासा नावाचा असाच एक कोवळा पोरगा आला होता, हिरोनाकाइतक्याच उत्साहानं मंडळींनी त्याला गाणं दिलं होतं, आणि काही हंगामांनी संघानं त्याला सोडून दिलं. त्याचं गाणं चांगलं होतं. तोमोएबाईंच्या स्वतःच्या मते त्यांच्या चालींमध्ये पहिल्या तिनात बसणारं.

“गाणं दिलं आणि अपेक्षा डोक्यावर बसली,” प्रमुख म्हणाले. “आधी शंभर हिट, म्हणजे शंभरदा चेंडू मारून बेस गाठू दे, मग गाणं. हाच नियम हवा.”

“शंभर? तोवर म्हातारा होईल तो!”

“झाला तर झाला. मीही झालो.”

शेवटी प्रमुखांनीच मधली वाट काढली. नवीन गाणं नको, पण ताकेमासाची चाल तर पडूनच आहे. नाव बदलायचं आणि तीच वाजवायची. सेनो टिकला तर पुढच्या वर्षी त्याचं स्वतःचं, नाही टिकला तर काही बिघडलं नाही. दुसऱ्या गावांतले चाहतेही असं करतात. मंडळींनी माना डोलावल्या. हिरोनाकानंही कुरकुरत डोलावली.

तोमोएबाई म्हणाल्या, “थांबा. विचारून येते.”

“कुणाला? सेनोला?”

“ताकेमासाला.”

“अहो, चाल तुमची, ट्रम्पेट तुमचं. त्याला काय विचारायचं?” प्रमुखांनी डोळे मोठे केले. “आणि तो आहे कुठे?”

ते तोमोएबाईंनाही माहीत नव्हतं. पण प्रश्न एकदा डोक्यात शिरला होता. ज्याच्यासाठी हजारो माणसं गायली त्याला नंतर ते गाणं कसं वाटत असेल? गोड, की कडू? की काहीच नाही? आणि प्रमुख म्हणतात तसं खरंच त्याच्या डोक्यावर ओझं झालं होतं का? इतकी वर्षं त्या गाणी करत आल्या होत्या, पण गाणं पोचलं तिथे काय झालं, हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

घरी इसाओ टीव्हीसमोर गळाची दोरी गुंडाळत बसले होते. त्यांना सांगितल्यावर ते वर न बघताच म्हणाले, “तो हिनासेला असतो.”

“कोण?”

“तुझा ताकेमासा. ऑयस्टरच्या, म्हणजे कालवांच्या, तराफ्यांवर काम करतो. मागच्या वर्षी मी तिकडे गळ टाकायला गेलो होतो तेव्हा त्यानंच होडीतून सोडलं मला. चांगला आहे माणूस. वारा कुठून येणार ते आधी सांगतो.”

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

“तू कधी विचारलंस?”

लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी तोमोएबाई आको लाइनच्या गाडीनं हिनासेला गेल्या. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर बंदरच आहे. उन्हाळ्यात ऑयस्टर निघत नाहीत, त्यामुळे धक्क्यावर सामसूम होती. एका पत्र्याच्या शेडमध्ये शिंपल्यांचे ढीग पडले होते आणि एक उंच, उन्हानं काळवंडलेला माणूस कालवांची पिल्लं चिकटावीत म्हणून भोक पाडलेले शिंपले एकामागून एक तारेत ओवत बसला होता. तोमोएबाईंनी त्याला लगेच ओळखलं. त्यानं त्यांना ओळखलं नाही, आणि ओळखणार तरी कसा? मैदानाच्या मधून गॅलरीतली माणसं म्हणजे नुसते ठिपके.

“मी कावळ्यांच्या दलातली. ट्रम्पेट वाजवते,” त्या म्हणाल्या.

ताकेमासाचा हात थांबला. मग तो मोठ्यानं हसला. “तुम्ही? मला वाटायचं, कुणीतरी हा एवढ्या पोटाचा बाप्या असणार! बसा, मावशी, बसा. ते खोकं उलटं करा. उन्हात कशाला आलात?”

त्यानं गार बार्लीचा चहा दिला. तोमोएबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सेनो, मुनेकाताचा गुडघा, तव्याभोवतीचं भांडण, प्रमुखांची मधली वाट, आणि पत्ता आपल्या यजमानांनी, निशिवाकींनी, दिला हेही. ताकेमासा शिंपले ओवत ऐकत होता.

“घेऊन जा की,” तो म्हणाला. “मी फारसं वापरलंच नाही ते. कोरंच आहे.”

तो हसत होता. तोमोएबाईंना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि मनात होतं ते विचारून टाकलं. “गाण्याचं ओझं झालं होतं का हो तुम्हाला?”

“गाण्याचं?” त्यानं एक शिंपला उलटसुलट केला. “नाही हो. बॅट घेऊन उभं राहिलं की काही ऐकूच येत नाही. आपली पाळी यायच्या आधी बाजूला उभे असतो ना, तेव्हा जरासं येतं कानावर. ओझं कागदाचं होतं.”

“कसला कागद?”

“रोज दुपारी कोचच्या खोलीबाहेर कागद लागायचा. आज कोण खेळणार, नऊ नावं. मी कधी जवळ जाऊन बघत नसे. लांबूनच, बुटाची नाडी बांधतोय असं दाखवत. नाव असलं की इतका आनंद व्हायचा की सामना सुरू होईपर्यंत मी दमलेलो असे. आणि नसलं की...” त्यानं खांदे उडवले. “दोन दिवस आत, तीन दिवस बाहेर. मॅनेजर भला माणूस होता. जपत होता मला. एखाद्या दिवशी वाईट खेळलो की लगेच म्हणायचा, उद्या विश्रांती घे. मावशी, मला कुणी पुरेसं वाईट खेळूच दिलं नाही.”

तोमोएबाईंनी ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं.

“म्हणजे रोज खेळवलं असतं तर तुम्ही टिकला असतात?”

दोन-तीन शिंपले तारेत गेले.

“हेच तर मला ठाऊक नाही. कदाचित तीन महिन्यांत सगळ्यांना कळलं असतं की हा कामाचा नाही. पहिल्या वर्षी हे फार टोचायचं. आता टोचत नाही, आता नुसतं कुतूहल वाटतं. माझ्यासारखाच कुणीतरी रोज खेळला तर काय होतं, ते बघावंसं वाटतं. म्हणून सेनोला बघतो मी. रेडिओ लावतो होडीवर.”

“आमच्या प्रमुखांना वाटतं, अजून वर्षभर त्याला खाली ठेवावं.”

“त्यांचंही चूक नसेल. माझ्याबरोबरचा एक जण रोज खेळला आणि असा खचला की नंतर त्यानं फेकलेला साधा चेंडूही भलतीकडेच जायचा. प्रत्येकाचं निराळं.” मग त्यानं बोट उगारलं. “फक्त ऑयस्टरचं उदाहरण देऊ नका हं. वेळ लागतो, समुद्रात राहू द्यावं लागतं वगैरे. माझे सासरे रोज देतात.”

निघताना त्यानं वाळवलेल्या लहान मासळीची पुडी हातात दिली. “निशिवाकीकाकांना द्या. आणि सांगा, पुढच्या वेळी टोपी घालून या.”

परतीच्या गाडीत तोमोएबाईंनी ताकेमासाची चाल सेनोच्या नावावर बसवून बघितली आणि तिथेच अडचण उभी राहिली. शेवटच्या पुकाऱ्याला ता-के-मा-सा असे चार ठोके होते. से-नो म्हणजे दोन. दोन ठोके मोकळे राहत होते, आणि तिथे काय घालावं ते काही सुचेना.

तव्याभोवती त्यांनी हे सांगितलं तेव्हा प्रमुख म्हणाले, “त्यात काय? ओढायचं. सेऽऽनोऽऽ.”

“डोंगरात गाय हरवल्यासारखं वाटतंय,” हिरोनाका म्हणाला.

“मग दोनदा म्हणा. सेनो सेनो.”

“आता गाय जवळ आल्यासारखं वाटतंय.”

“तू गप रे!” प्रमुख खवळले. मग तोमोएबाईंकडे वळून म्हणाले, “खरं सांगा. नाव बसत नाही, की तुम्हाला बसवायचं नाही?”

“दोन्ही थोडं थोडं,” तोमोएबाई म्हणाल्या. “पण मला अजून कळलेलं नाही हा पोरगा कसा आहे. जरा बघू द्या.”

जुलैच्या मध्यावर मोठ्या संघाचे सामने काही दिवस थांबतात. त्या दिवसांत सराव सुटू नये म्हणून मॅनेजरनं सेनोला दुसऱ्या संघाकडून खेळायला पाठवलं. गावात लगेच बोभाटा झाला, हाकललं त्याला! प्रमुखांनीसुद्धा “मी म्हणत नव्हतो?” असं म्हणून घेतलं. तोमोएबाई बस पकडून तामानोच्या मैदानावर गेल्या.

दुसऱ्या संघाच्या सामन्यात ढोल नसतात, ट्रम्पेट नसतं. लाकडी बाकांवर म्हातारेकोतारे, कुणी डबा उघडून बसलेलं, कुणी छत्री उघडून. तोमोएबाईंना पहिली काही मिनिटं हात कुठे ठेवावेत हेच कळेना. इतक्या वर्षांत त्यांनी बेसबॉल कधी ऐकलाच नव्हता. त्या कायम स्वतःच्याच आवाजाच्या आत असत. आता चेंडू हातमोज्यात बसल्याचा आवाज आला, तो ओल्या चादरीवर थाप मारल्यासारखा होता. बॅटला नीट लागलेला चेंडू आणि कडेला लागलेला चेंडू यांचा आवाज वेगळा होता. पायाखालची वाळूसुद्धा ऐकू येत होती.

आणि सेनो. त्याचा आवाज बारीक, चिरका, तोत्तोरीच्या वळणाचा, आणि तो एक क्षणही गप्प नव्हता. पिचरला काहीतरी सांगत होता, दुसऱ्या बेसवाल्याला हाका मारत होता, उंच उडालेल्या प्रत्येक चेंडूखाली “माझा, माझा, माझा!” करत धावत होता. एकदा एक सरपटता चेंडू आला, सेनो वाकला, आणि चेंडू त्याच्या मनगटाला लागून बाजूला उडाला. पळणारा आरामात पहिल्या बेसवर पोचला. बाकांवरून कुणीतरी “अरेरे” म्हणालं.

सेनो गप्प झाला. तोमोएबाई पुढे सरकून बसल्या. पिचरनं पुढचा चेंडू टाकला. सेनो गप्प. त्याच्या पुढच्या चेंडूला मात्र त्यानं हातमोज्यावर जोरात मूठ आपटली आणि आधीपेक्षा मोठ्यानं ओरडला, “इकडे द्या! पुन्हा इकडेच द्या!”

शेजारच्या छत्रीवाल्या आजोबांनी नाक मुरडलं. “आत्ताच घालवलान, आणि म्हणतोय पुन्हा द्या.”

“पुन्हा आला आणि पुन्हा घालवलान तर?” तोमोएबाईंनी विचारलं.

“तर पुन्हा मागेल मेला. तसाच दिसतोय.”

तो चेंडू सेनोकडे आलाच नाही, दुसरीकडेच गेला. पण तोमोएबाईंना जे बघायचं होतं ते दिसलं होतं. बसमध्ये त्यांनी चाल धरली. एक ठोका गप्प, मग दोन ठोक्यांचं नाव, मग तेच नाव पुन्हा, चढून. होकानचोला उतरेपर्यंत गाणं झालं होतं, आणि ते वाफेच्या इस्त्रीवर न झालेलं त्यांचं पहिलंच गाणं होतं.

प्रमुखांनी ते ऐकलं. वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. “शंभर हिट झाल्याशिवाय मी ढोल वाजवणार नाही,” एवढं म्हणाले.

“नका वाजवू,” तोमोएबाई म्हणाल्या. “तुम्हाला पटत नाही तर नका वाजवू.”

त्यामुळे सेनोचं गाणं पहिल्यांदा वाजलं ते ढोलाशिवाय. मोठ्या मैदानावर तोमोएबाईंचं एकटं ट्रम्पेट, हिरोनाकाचा झेंडा, आणि नुकतेच शब्द पाठ केलेले थोडेसे लोक. प्रमुख काठ्या मांडीवर ठेवून ताठ बसले होते. सेनो तीन स्ट्राइकमध्ये बाद झाला, गाणं दुसऱ्यांदा फिरायच्या आत. पुढच्या पाळीलाही बाद. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “गाणं अपशकुनी दिसतंय.” हिरोनाका त्याच्याशी भांडायला निघाला होता, त्याला झेंड्यासकट धरून बसवावं लागलं.

पुढचे दोन महिने काही एका सरळ रेषेत गेले नाहीत. ऑगस्टमध्ये सेनोची बॅट चालायला लागली. रोज एक, कधी दोन हिट. लोकांना शब्द पाठ झाले. नावाआधीचा तो एक गप्प ठोका लोकांना फार आवडला. हजारो माणसं एकदम थांबायची आणि मग एकदम ओरडायची. प्रमुख म्हणाले, “बघा, ढोल नाही म्हणूनच चाललंय. ढोल असता तर पोरगा बिचकला असता.”

सप्टेंबरमध्ये सेनो पुन्हा ढेपाळला. एका सामन्यात त्याच्या चुकीमुळे कावळे हरले, आणि दुसऱ्या दिवशी वार्ताहरांनी मॅनेजरला पुन्हा घेरलं. तोमोएबाई त्या दिवशी गल्ल्यावर रेडिओ लावून बसल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, “खेळेल.” त्यांना ताकेमासाची आठवण झाली. तोही आत्ता होडीवर ऐकत असेल. त्याला काय वाटलं असेल? आनंद, की मत्सर? की दोन्ही? हे विचारायला पुन्हा जायचं असं त्यांनी ठरवलं, पण लाँड्रीत शाळांचे हिवाळी गणवेश यायला सुरुवात झाली आणि ते राहून गेलं.

कावळे पाचवे आले. सेनोच्या हिट शंभराला थोड्या कमी पडल्या. प्रमुखांनी अखेरपर्यंत ढोलाला हात लावला नाही, आणि सेनोला रोज खेळवलं ते बरोबर की चूक हे तव्याभोवती अखेरपर्यंत ठरलं नाही. हिरोनाका ऑगस्टचे आकडे सांगे, प्रमुख सप्टेंबरचे. दोघेही खरंच सांगत होते.

नोव्हेंबरमध्ये संघ चाहत्यांसाठी एक दिवस मैदान उघडं ठेवतो. खेळाडू लोकांमध्ये मिसळतात, सह्या देतात, पोरांना चेंडू टाकतात. त्या दिवशी तोमोएबाई रांगेत उभ्या राहिल्या आणि सेनोसमोर आल्या. जवळून तो आणखीच बारीक दिसत होता. हनुवटीवर एक पुटकुळी.

“मी ट्रम्पेट वाजवते,” त्या म्हणाल्या. “तुमचं गाणं मी केलं.”

सेनो ताडकन उभा राहिला आणि कमरेत वाकला. “फार आभार! फार आभार, मावशी!”

“एक विचारू का? पहिल्यांदा वाजलं तेव्हा कसं वाटलं?”

त्याचे कान लाल झाले. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मागे रांग ताटकळत होती.

“खरं सांगू?”

“खरंच सांगा.”

“मला कळलंच नाही ते माझं आहे. खूप दिवस कळलं नाही. मला वाटायचं, मुनेकातादादांचंच काहीतरी नवीन वाजतंय, ते बरे होईपर्यंत. मग आईचा फोन आला. म्हणाली, अरे, टीव्हीवर तुझं नाव गातायत, ऐकू येत नाही का तुला?”

“मग? कळल्यावर?”

“त्या दिवशी चार वेळा बाद झालो,” सेनो म्हणाला आणि इतका मोकळा हसला की मागची रांगही हसली. “नंतर सवय झाली. आता नाही वाजलं तर चुकल्यासारखं होईल.”

तोमोएबाई बाहेर आल्या. ट्रामच्या थांब्यावर त्यांना हसू आवरेना. प्रमुखांना ओझ्याची काळजी, हिरोनाकाला आधाराची, आणि ज्याच्यावरून एवढा वाद त्याला पत्ताच नव्हता! मग हसता हसता त्यांच्या मनात आलं, की आईचा फोन आल्यावर चार वेळा बाद झाला तो. म्हणजे प्रमुखांचं थोडं खरं. आणि नंतर सवय झाली, म्हणजे हिरोनाकाचंही. ट्राम आली, गेली. त्या विचारातच उभ्या राहिल्या आणि पुढच्या ट्रामनं घरी आल्या.

इसाओंनी सगळं ऐकून घेतलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच बेसबॉलबद्दल एक प्रश्न विचारला.

“पुढच्या वर्षी कोण खेळणार तिथे? गुडघेवाला बरा झाला म्हणतात.”

“दोघंही असतील.”

“मग?”

“मग काय, भांडण,” तोमोएबाई म्हणाल्या. त्यांनी झगा काढला, खुंटीवर टांगला आणि चहासाठी पाणी ठेवलं.